गोळी झाडण्याची मुभा आणि गोळीची जबाबदारी

रानडुकरांनी उभे पीक लोळवल्याची बातमी विदर्भातून आली की तिच्यापाठोपाठ एक युक्तिवाद हमखास येतो. टेक्सासात राहणारा म्हणून तो माझ्याकडे जरा अपेक्षेनेच पाठवला जातो. अमेरिकेत रानडुकराला कोणीही, केव्हाही गोळी घालू शकतो, मग आमच्याच शेतकऱ्याचे हात कायद्याने का बांधून ठेवले आहेत, असा तो युक्तिवाद आहे. माझे काका चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरच्या बाजूला शेती करतात. गेल्या हंगामात त्यांच्या दीड एकर हरभऱ्यात कळप शिरला आणि दोन रात्रींत निम्मे वावर उकरून गेला. त्यांनीही फोनवर हेच विचारले, तेव्हा मला चटकन उत्तर देता आले नाही. इथली शिकार मी जवळून पाहिलेली आहे, आणि जे पाहिले ते 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात सांगण्यासारखे नाही.

त्या युक्तिवादातली माहिती टेक्सासपुरती बव्हंशी खरी आहे. टेक्सासात खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला सप्टेंबर २०१९ पासून शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही. हंगामाचे बंधन नाही, संख्येची मर्यादा नाही, रात्रीची मनाई नाही. २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून आणि २०१७ मध्ये गरम हवेच्या फुग्यातून डुकरे टिपण्याचीही मुभा कायद्याने दिली. याचे कारण असे की इथली रानडुकरे इथली नव्हेतच. स्पॅनिश लोकांबरोबर आलेली पाळीव डुकरे मोकाट सुटून रानटी झाली आणि विसाव्या शतकात हौशी शिकारीसाठी युरोपातून आणलेली रानडुकरे त्यांच्यात मिसळली. म्हणून कायदा त्यांना संरक्षणपात्र वन्यप्राणी मानत नाही.

माझे एक शेजारी ब्राझोस नदीच्या खोऱ्यातल्या मोठ्या कुरणांवर कुत्री घेऊन डुकरांच्या शिकारीला जातात, आणि गेल्या काही वर्षांत तीन वेळा मी त्यांच्याबरोबर गेलो आहे. त्यांच्याकडे दोन प्रकारची कुत्री आहेत. पहिली माग काढणारी आणि घेरणारी, ब्लॅक माउथ कर जातीची. ती वास घेत पुढे जातात, डुक्कर गाठतात, पण त्याला तोंड लावत नाहीत. सुळ्यांच्या पल्ल्याबाहेर राहून ती गोल फिरत भुंकतात आणि त्याला जागेवर खिळवून ठेवतात. दुसरे कुत्रे पकडणारे, अमेरिकन बुलडॉग. त्याच्या छातीवर आणि गळ्यावर केव्हलार या मजबूत कापडाचे जाड चिलखत असते आणि ते शेवटपर्यंत दोरीवरच ठेवतात. गळपट्ट्यातल्या जीपीएसमुळे कुत्री कुठे आहेत ते हातातल्या यंत्रावर दिसते, पण शेजारी त्याकडे फारसे पाहत नाहीत. ते कान देऊन ऐकतात. भुंकणे सरकत असेल तर डुक्कर पळते आहे, आणि एका जागी ठरून सलग येऊ लागले तर ते उभे राहिले आहे, हे त्यांना अर्ध्या मैलावरून कळते. मग मेस्कीटच्या काटेरी झुडपांतून वाकून जायचे, अगदी जवळ पोहोचल्यावर बुलडॉगची दोरी सोडायची आणि त्याने डुकराचा कान धरला की पुढे व्हायचे.

इथे लांब बंदुकीचा उपयोग नाही. झुडपात ती फिरवता येत नाही, आणि रायफलची गोळी डुकरातून आरपार जाऊन पलीकडच्या कुत्र्यात किंवा माणसात शिरू शकते. म्हणून कमरेला रिव्हॉल्व्हर असते, पॉइंट ३५७ किंवा पॉइंट ४४ मॅग्नमचे, आणि तेही नळी डुकराच्या कानामागे जवळजवळ टेकेल एवढ्या अंतरावरूनच चालवायचे. नळीच्या रेषेत कुत्रे नाही, माणूस नाही, दगड नाही, याची खात्री होईपर्यंत बोट घोड्यावर जात नाही. पुष्कळ शिकारी तर बंदूक टाळून सुऱ्यानेच काम संपवतात. त्यांच्या मते कुत्र्यांच्या गर्दीत तेच अधिक सुरक्षित असते.

दुसऱ्या वेळी बुलडॉगची पकड सुटली. मोठा नर होता. त्याने मान झटकली आणि एका कुत्र्याची मांडी उभी चिरली. शेजाऱ्यांच्या हातात भरलेले रिव्हॉल्व्हर होते आणि डुक्कर त्यांच्यापासून चार-पाच पावलांवर होते. त्यांनी गोळी झाडली नाही. मला तो काळ फार लांब वाटला, प्रत्यक्षात मिनिटभर असेल. कुत्री डुकराच्या दोन्ही अंगांना होती, गोळीला मोकळी वाट नव्हती. बुलडॉगने पुन्हा कान धरला, त्यांच्या मुलाने मागचे पाय उचलले, तेव्हा त्यांनी रिव्हॉल्व्हर म्यानात ठेवले आणि सुरा काढला. नंतर पिकअपच्या मागच्या फळीवर कुत्र्याची जखम धुऊन टाके घातले. त्या कुत्र्याच्या डोळ्यांकडे पाहताना मला या शिकारीबद्दल वाटणारे कौतुक ओसरले, हे मी लपवणार नाही. डुकरांमधून कुत्र्यांना होणारा स्यूडोरेबीज नावाचा रोग असाध्य असतो, तो धोका वेगळाच. कुत्र्याच्या जिवावर उदार होऊन केलेली शिकार माझ्या मनाला पटत नाही, मग ती टेक्सासातली असो की वाघर (शिकारीचे जाळे) आणि भाले घेऊन निघणारी आपल्याकडची जुनी शिकार असो.

तरीही त्या मिनिटाने मला एक गोष्ट दाखवली. तिथे जे मरणार होते ते कोणाच्या हातून मरणार, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. चूक झाली असती तर ती कोणाची, हेही ठाऊक होते. जमीन कोणाची, संमती कोणी दिली, हत्यार कोणाच्या हातात, सगळे उघड होते.

आपल्याकडे रानडुकरे मारली जात नाहीत असे थोडेच आहे? ती मारली जातात, पण मारणारा तिथे नसतो. धुऱ्यावरून तार ओढायची, वरच्या वाहिनीवरून तिच्यात चोरून वीज सोडायची आणि घरी जाऊन झोपायचे. रात्री त्या तारेला डुक्कर लागते, रोही म्हणजे नीलगाय लागते, शेजारच्या वावरात पाणी द्यायला निघालेला माणूस लागतो. विदर्भात वाघसुद्धा अशा तारांना चिकटून मेले आहेत. दुसरी रीत गावठी बॉम्बची. २०२० च्या मे महिन्यात केरळात पलक्कड जिल्ह्यात स्फोटके भरलेले फळ चावून एक गाभण हत्तीण मेली, तेव्हा देश हळहळला. ते फळ ठेवले होते ते रानडुकरांसाठी. या दोन्ही रीतींत जीव कोणाचा जाईल हे ठरवणारा माणूस नसतो, आणि गेल्यावर जबाब देणाराही सापडत नाही. माझी तक्रार आहे ती या निनावीपणाबद्दल.

आता मुभेचा भाग. एवढी मोकळीक असून टेक्सासातली डुकरे कमी झाली का? नाही. राज्यातल्या २५४ कौंट्यांपैकी, म्हणजे जिल्ह्यांपैकी, जवळजवळ सर्वांत ती आहेत आणि त्यांच्या संख्येचे अंदाज १५ लाखांपासून २६ लाखांपर्यंत जातात. डुकरीण वर्षाची होण्याआधीच गाभण राहू शकते आणि अनुकूल काळात वर्षातून दोनदा विऊ शकते. संख्या आहे तिथेच रोखायची तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरे काढावी लागतात असे इथले अभ्यासक सांगतात, आणि सगळ्या बंदुका, कुत्री, सापळे आणि हेलिकॉप्टरे मिळून तेवढी कधी निघत नाहीत. शिकाऱ्याच्या हाती एखाद-दुसरे डुक्कर लागते आणि उरलेला कळप बिथरून पुढच्या शेतांत पांगतो.

टेनेसी राज्याचा अनुभव तर आपल्या आमदार-खासदारांनी मुद्दाम वाचावा असा आहे. तिथे १९९९ मध्ये डुकरे आटोक्यात आणण्यासाठीच राज्यभर अमर्याद शिकार खुली केली, आणि त्याच काळात ती सर्वाधिक पसरली. शिकारीची गोडी लागलेले लोक डुकरे पकडून, गाडीत घालून नव्या जंगलांत सोडू लागले होते. २०११ मध्ये त्या राज्याला नियम फिरवावे लागले. कॅन्सासने २००६ मध्येच हौशी शिकार बंद केली, तर मिसूरीच्या संवर्धन खात्याने २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर ती बंद केली. ही राज्ये डुकरांवर दया करत नाहीत. प्रशिक्षित माणसे लोखंडी जाळ्यांचा मोठा गोल कोंडवाडा उभारतात, काही दिवस मका टाकून कळपाला सवय लावतात, कॅमेऱ्यातून मोजतात आणि शेवटचे पिल्लू आत आल्याशिवाय दार पाडत नाहीत. सुटलेली डुकरीण पुन्हा सापळ्याजवळ फिरकत नाही, म्हणून ही चिकाटी. यात शौर्य नाही, थरार नाही, छायाचित्र काढण्यासारखेही काही नाही. पण कळप जातो.

म्हणून 'अमेरिकेसारखी मुभा द्या' या मागणीला माझा विरोध आहे, आणि तो शेतकऱ्याच्या बाजूने आहे. टेक्सासातल्या कुरणात शेजारचे घर दोन-तीन मैलांवर असते. काकांच्या वावराच्या चारही धुऱ्यांवर हंगामात कोणी ना कोणी जागलीला असते, माळ्यावर, झोपडीत, कधी नुसते घोंगडे पांघरून बांधावर. तिथे अंधारात झाडलेली गोळी कुठे थांबेल? शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. रिव्हॉल्व्हरचा त्या तरतुदीशी संबंध नाही, आणि तो नसावाच.

शिवाय आपले रानडुक्कर आपले आहे. ताडोबाच्या वाघाच्या आणि गावाकडच्या बिबट्याच्या भक्ष्यात ते येते. ते सरसकट संपवून वाघाने काय खावे, याचे उत्तर पुन्हा गावाच्या गोठ्यापाशीच येते.

मात्र कायद्याने हात पूर्ण बांधले आहेत, हेही खरे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ नुसार माणसाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर रानडुक्कर मारण्याची परवानगी देता येते. कलम ६२ खाली केंद्र सरकार ठरावीक भागापुरते आणि ठरावीक काळापुरते त्याला उपद्रवी घोषित करू शकते. बिहार आणि उत्तराखंडात ते केलेही गेले. २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकाम्याला हैदराबादहून आणलेल्या नेमबाजांनी तशाच उपद्रवी ठरवलेल्या दोनशेहून अधिक नीलगाई टिपल्या, तेव्हा मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर हे एकाच सरकारमधले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. तो वाद मारावे की मारू नये, एवढ्यावरच घुटमळला. कोणी मारायचे, किती, कोणाच्या देखरेखीखाली आणि नंतर मोजणी कोण करणार, हे प्रश्न बाजूलाच राहिले. केरळने २०२२ मध्ये परवानगीचा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिला आणि गोळी परवानाधारक बंदूकवाल्यानेच घालायची असे ठरवले. त्या निर्णयावर आक्षेप असू शकतात, पण निदान आदेशावर सही कोणाची हे गावाला माहीत असते, आणि मला ते पुढचे पाऊल वाटते.

महाराष्ट्रात मला हवे आहे ते असे. ज्या तालुक्यांत उपद्रव सर्वाधिक आहे तिथे वन विभागाचे प्रशिक्षित पथक असावे, ते कळपाच्या मागावर राहावे आणि गरज पडली तर त्यानेच डुकरे मारावीत, नावानिशी आणि नोंदीनिशी. झटका मशीन (कुंपणाला जीव न घेणारा विजेचा झटका देणारे यंत्र) आणि सौर कुंपण अनुदानावर मिळते, पण एका शेताला कुंपण घातले की कळप शेजाऱ्याच्या शेतात जातो. म्हणून ते शिवाराला घालावे. आणि नुकसानभरपाई ही दया म्हणून न देता देणे म्हणून द्यावी. वाघ वाचवण्याचा अभिमान आपण सगळे मिरवतो, अगदी सातासमुद्रापलीकडे बसलेला मीसुद्धा. त्याची किंमत मात्र ज्याचा हरभरा जातो तोच एकटा भरतो. पुण्या-मुंबईतल्या ज्या प्राणिप्रेमींना गोळीचा शब्द ऐकवत नाही, त्यांनी पंचनाम्याच्या दिरंगाईवरही तेवढ्याच मोठ्याने बोलावे, अशी माझी अपेक्षा आहे. काकांच्या वावराचा पंचनामा अर्ज दिल्यानंतर तेराव्या दिवशी झाला. तोवर त्यांनी उकरलेले वावर पाळी घालून सारखे केले होते, कारण वाफसा कोणासाठी थांबत नाही, आणि मग नुकसान दिसत नाही म्हणून भरपाई निम्म्यावर आली.

हे सगळे मी काकांना गेल्या रविवारी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "पथक येईल तेव्हा येईल बापू, पण आज रात्रीचं सांग. शेजारच्यानं तार लावली आहे, आणि मलाही लाव म्हणतो." लावू नका, असे मी म्हणालो. ते बरं म्हणाले, बॅटरी आणि घोंगडे घेतले आणि जागलीला निघाले. त्यांचे वय ६७ आहे.