परीक्षक हवेत, पण अनुभवी नकोत

समजा, वरून पत्र आलं की व्यसनमुक्ती केंद्रांच्या अनुदानाचे प्रस्ताव तपासायला समाजातले परीक्षकही घ्या. घाबरू नका. समाज मोठा आहे, त्यातून सोयीचा तेवढा निवडता येतो.

जाहिरात जिन्याखालच्या फलकावर लावा, शुक्रवारी संध्याकाळी, मुदत शनिवारपर्यंत. पात्रतेत पदव्युत्तर पदवी आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला हवाच. अर्धं आयुष्य दारूत घालवून आता सोबर राहिलेला माणूस इथेच गळतो. एखादा चिवट निघाला तर नोटरीसमोर, फोटोसह लिहून मागा : 'मी व्यसनी होतो.' दारू सोडणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना 1935 पासून निनावीपणावर उभी आहे, पण तो त्यांचा प्रश्न.

बायका तर नकोतच. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की आपल्याकडे दारूचं दुकान बंद होतं. ज्यांनी दुकानाला कुलूप लावलं, त्या उद्या केंद्रात जाऊन डाळीचं पातेलं उघडून बघतील.

खरा धोका प्रश्नांचा. दारू सुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री पेशंटला भास होतात, तो उठून पळू बघतो. त्या वेळी ड्युटीवर कोण असतं? कागदावरचे डॉक्टर किती वाजता घरी जातात? डिस्चार्जनंतर माणूस पुन्हा प्यायला, तर त्याला परत घेता की 'केस बंद' म्हणता? यातून गेलेला माणूस पाच मिनिटांत हे सगळं विचारतो. म्हणून गुणपत्रिकेत रकाने लेखापरीक्षण अहवालाचे, नोंदणी प्रमाणपत्राचे आणि रंगीत छायाचित्रांचेच ठेवा. (जनजागृती रॅलीला पाच गुण जादा.)

तरीही एखादा घ्यावाच लागला, तर अमेरिकेतल्या ओरेगॉनकडे बघा. तिथे 2020 साली मतदारांनीच कायदा केला, की व्यसनसेवांचा पैसा वाटणाऱ्या परिषदेत व्यसनातून गेलेली माणसं असतील. माणसं आली. त्यांच्यापुढे अर्जांचा ढीग आणि तीस कोटी डॉलर ठेवले. आरोग्य खात्याने त्यांना पुरेसं पाठबळ दिलं नाही, हे 2023 मध्ये राज्याच्या लेखापरीक्षणातच आलं. पैसा महिनोन्‌महिने रखडला आणि बोल परिषदेच्या अननुभवीपणालाही लागला. आपण हे याहून स्वस्तात करू शकतो. दोनशे पानांचा इंग्रजी प्रस्ताव रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर, बैठक सकाळी अकराला. बुडालेल्या रोजाची तरतूद नाही, एसटीच्या तिकिटाचे पैसे मार्चनंतर. चहा मात्र द्या, आणि सही चहाच्या आधी घ्या.

एवढं करून जागा रिकामी राहिलीच, तर ज्या संस्थेला गेल्या वर्षी अनुदान मिळालं, तिच्या अध्यक्षांचे मेहुणे आहेत. त्यांचं स्वतःचं परमिट रूम आहे, म्हणजे विषयाचा रोजचा अनुभव. शिवाय पदव्युत्तर.