ब्लाउज शिवायला टाकण्याआधी

समारंभात पैठणी उठून दिसायची तर आतले कपडे मापाचे हवेत, हे लेखातलं म्हणणं अगदी पटलं. एक भर घालते. ब्लाउजचं माप द्यायला जाताना समारंभात घालणार तीच ब्रा घालून जा. नाहीतर टक्स (छातीपाशी फिटिंगसाठी घातलेल्या चुण्या) भलत्याच जागी येतात, मग कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरून कितीही भारी साडी आणा! खांद्यावर वळ उठतात ते बहुतेकदा ब्राचा छातीखालचा पट्टा सैल असतो म्हणून. खरा आधार त्याचाच. ३६ बी (आकडा पट्ट्याचा, अक्षर कपचं) सैल वाटली तर ३४ सी घालून बघा, अक्षर बदललं तरी कपमधली जागा तेवढीच राहते. फिक्या ब्लाउजखाली पांढरी नको, त्वचेच्या रंगाची घ्या. आणि मैत्रिणींनो, ब्रा घेताना काउंटरवर पुरुष आहे म्हणून लाजून अंदाजे माप सांगू नका. छातीखालचा घेर घरीच टेपने मोजून जा.