खुलासा: विमा काढला म्हणून क्रूझचे सगळे पैसे परत मिळत नाहीत

नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘प्रवास विमा काढा, मग मुंबईहून निघणारी क्रूझ कोणत्याही कारणाने रद्द करा, पूर्ण पैसे परत.’ हे खरं नाही. सर्वसाधारण पॉलिसीतलं रद्दीकरणाचं कलम उघडून बघा. तिथे कारणांची यादी असते: अचानक गंभीर आजार, अपघात, जवळच्या नातेवाइकाचं निधन. नुसतं मन बदललं, तर सर्वसाधारण पॉलिसी भरपाई देत नाही. जुना आजार लपवला असेल, तर दावा फेटाळला जाऊ शकतो.

आपण फेरी रद्द केली, तर क्रूझ कंपनी जी रक्कम कापते, ती निघायची तारीख जवळ येते तशी वाढत जाते, शेवटच्या दिवसांत अनेकदा १०० टक्के. कंपनीने जे परत केलं ते वगळून उरलेल्याच रकमेचा विचार विमा करतो. कंपनीनेच फेरी रद्द केली, तर परतावा तिच्याकडे मागायचा.

आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं: नागपूरहून गाडी उशिरा पोहोचली आणि जहाज निघून गेलं, तर रद्दीकरणाचं कलम कामी येत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण लागतं, त्यातही अटी असतात. मी तर म्हणेन, आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल, त्यांना हा खुलासा पाठवा.