तळपाय बघितलेत का?

भातकापणी नुकतीच आटोपली होती. भावाची सहा वर्षांची मुलगी तापाने फणफणली. डोकं दुखतंय, पोटऱ्या दुखतायत म्हणून रडायची. दवाखान्यात डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह, पेशी मात्र कमी. "व्हायरल आहे, उतरेल," म्हणून पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवलं.

चौथ्या दिवशी आई तिला मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पाय पुसत होती. तळपायावर लालसर ठिपके. तळहातावरही तेच. आईने मला हाक मारली, "गो, ह्यां बघ. डास कधी तळपायाक चावतत?"

त्या प्रश्नाने पोर वाचली, असं मी मानते. तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांनी आधी विचारलं, घरी कुत्रा आहे का? आहे ना! पडवीत बसून त्याच्या कानातल्या गोचिडी ही काढायची आणि नखाने चिरडायची. आम्ही कौतुकाने बघायचो. डॉक्टर म्हणाले, हा गोचिडीचा ताप, स्पॉटेड फीवर वाटतोय. रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टसाठी न थांबता त्याच संध्याकाळी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं. दोन दिवसांत ताप उतरला.

न थांबणं हेच महत्त्वाचं होतं. या आजाराच्या अँटिबॉडी पहिल्या आठवड्यात रक्तात बहुतेक वेळा सापडतच नाहीत, त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी निर्धास्त होता येत नाही. हा ताप रिकेट्सिया नावाच्या जंतूंमुळे येतो, त्यांच्यावर अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची औषधं चालत नाहीत. हे जंतू रक्तवाहिन्यांचं अस्तरच पोखरतात. उशीर झाला तर मेंदूला सूज येते, कधी बोटं काळी पडतात, जीवही जातो. आणि डॉक्सिसायक्लिनने मुलांचे दात पिवळे पडतील ही भीती त्याच गटातल्या जुन्या टेट्रासायक्लिनमुळे बसलेली आहे. आठ वर्षांखालच्या मुलांनाही या आजारात पहिलं औषध डॉक्सिसायक्लिनच.

आपल्याकडे गोचीड म्हटलं की २०१६ नंतरचा सिंधुदुर्गात दोडामार्गातला माकडतापच आठवतो. तो विषाणूचा, त्यावर नेमकं औषध नाही. यावर आहे, तेही स्वस्त. म्हणून निदान चुकलं की जीव जास्त तुटतो.

सावळ्या अंगावर पुरळ चटकन दिसत नाही, काहींना येतही नाही. तेव्हा मूल तापलं की उजेडात नेऊन तळहात-तळपाय बघा. कुत्रा, गोठा, रान, जे असेल ते डॉक्टरांना आपणहून सांगा, त्यांनी विचारायची वाट बघू नका. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल नको, पेटती काडी नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, हात साबणाने धुवा.

कुत्र्याला आता गुरांच्या डॉक्टरांकडून औषध लावून घेतो. पोर अजून त्याच्याशी खेळते. रात्री झोपवताना आई तिचे कान, काखा, गुडघ्यामागची वळी बोटांनी चाचपून बघते.