पंचावर अपील

दत्तजयंती जवळ आली की आमच्या घरच्या ग्रुपवर घोडेच घोडे. सारंगखेड्याच्या बाजारात कुठल्या घोड्याला काय भाव सांगितला, कोण नुसताच भाव विचारून, भरीत-भाकरी खाऊन परत आला, असलं सगळं. यंदा मात्र तिथे भांडण पेटलं होतं.

तापीकाठच्याच एका लहान यात्रेत (नाव मुद्दाम सांगत नाही, मला तिथे परत जायचंय) माझ्या चुलत भावाची घोडी मानेच्या अंतराने दुसरी आली. शेवटच्या शंभरेक पावलांत शेजारच्या घोड्याने कट मारला, घोडी बांधाकडे दाबली गेली आणि स्वाराला लगाम खेचावा लागला. व्हिडिओ आहे. इकडे इंग्लंडात, डॉनकास्टरमध्ये, रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत मी तो दहा-बारा वेळा पाहिला. भाऊ पंचांकडे गेला तर उत्तर आलं, झेंडा पडला, निकाल झाला. पाच मिनिटांत गुलाल उधळला.

मग ग्रुपवर दोन तट पडले. नाना म्हणाले, ‘पंचना शब्द मोडा, तं पुढला साले झेंडा कोन धरी?’ पोरांचं म्हणणं, अपील पाहिजेच, परदेशात असतं, विचारा आपल्या भाऊला. भाऊ म्हणजे मी.

मी राहतो त्या गावात १७७६ साली सुरू झालेली सेंट लेजरची शर्यत होते, त्यामुळे मला घोड्यांतलं कळतं असा घरी समज आहे. पण विचारलंच आहे तर त्याच शर्यतीची २०१५ ची गोष्ट सांगतो. १२ सप्टेंबरला सिंपल व्हर्स नावाची घोडी बाँडी बीच नावाच्या घोड्याच्या पुढे डोक्याभर अंतराने पहिली आली. धावताना दोघांची टक्कर झाली होती. स्टुअर्डांनी, म्हणजे तिथल्या पंचांनी, चौकशी करून घोडीला दुसरी ठरवलं आणि शर्यत बाँडी बीचला दिली. घोडीच्या बाजूने अपील झालं. २३ सप्टेंबरला लंडनमध्ये दुसऱ्याच मंडळींनी सुनावणी घेतली आणि पहिला नंबर घोडीला परत दिला.

म्हणजे घोडीने धक्का दिलाच नव्हता, असं नव्हे. तिथे प्रश्न दोन असतात. अडथळा झाला का, हा पहिला. आणि त्या अडथळ्यामुळेच नंबर बदलला का, हा दुसरा. जॉकी धोकादायक पद्धतीने चालवत असेल तर घोडा सरळ बाद होतो. नुसता निष्काळजीपणा असेल तर जॉकीची शिक्षा वेगळी, घोड्याचा नंबर वेगळा. आमच्या ग्रुपवर तीन दिवस फक्त पहिल्याच प्रश्नावर रण माजलं होतं. ‘आडवा आला’, ‘नाही आला’, आणि लाल गोल काढलेले फोटो. दुसरा प्रश्न कुणीच विचारला नाही, मीसुद्धा नाही.

पण ‘परदेशात असतं’ हे वाक्य मला खटकतं. कुठल्या परदेशात? अमेरिकेत २०१९ च्या केंटकी डर्बीत मॅक्सिमम सिक्युरिटी नावाचा घोडा पहिला आला आणि अडथळ्यासाठी थेट सतराव्या नंबरवर ढकलला गेला. मालकांनी अपील केलं तर उत्तर मिळालं की स्टुअर्डांच्या असल्या निर्णयावर तिथे अपीलच नाही. ते कोर्टात गेले, तिथेही हरले. म्हणजे नानांचा कायदा केंटकीतही चालतो. आणि इंग्लंडमधलं अपील वकिलांनिशी लढायचं असतं. घोडीला पेंड घालताना हिशेब करणाऱ्याचं ते काम नाही.

तरी नानांशी माझं पटत नाही. डॉनकास्टरचा स्टुअर्ड संध्याकाळी गाडीत बसून घरी जातो. आमचा पंच दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर हरलेल्याच्याच शेजारी कॅन घेऊन उभा असतो. सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोळ्यांवर. ‘मला तसं दिसलं, पुढचं दुसऱ्या तिघा जणांना विचारा’ एवढं म्हणायची सोय झाली तर सुटका पहिल्यांदा त्याचीच होईल. पंचाचा मान जाईल म्हणणाऱ्यांनी त्याला एकदा डेअरीवर गाठून विचारावं.

त्यासाठी लंडन कशाला हवं? कट मारला तर काय होणार, हे शर्यतीआधी माईकवर सांगा. तक्रार आली तर बक्षीस सकाळपर्यंत थांबवा. शर्यतीत ज्यांचा घोडा नाही अशा तिघांना व्हिडिओ दाखवा आणि त्यांनी कारणासकट निकाल सांगावा. गुलाल थांबणार नाही, मला माहीत आहे. तो उधळू द्या, ढाल तेवढी मंडपात ठेवा. इथे इंग्लंडातही पैजेचे पैसे त्याच दिवशीच्या निकालावर चुकते होतात. अपीलाने घोडीला नंबर परत मिळाला तरी पैजेचा हिशेब फिरत नाही. गुलालाचं तसंच समजा.

शेवटी मी भावाला फोन लावला आणि तो दुसरा प्रश्न विचारला. कट बसला नसता तर घोडी पहिली आली असती का? तो बराच वेळ गप्प राहिला. मागे घोडी फुरफुरत होती.

‘नही जिंकती ती,’ तो म्हणाला. ‘त्या घोडामा जोर जास्त व्हता. पन कट मारा, हाई तरी माईकवर बोलाले पाहिजे व्हतं ना.’