आरोप संगीतावर, दोष मात्र दुसरीकडे

समकालीन ख्रिस्ती उपासनेविषयीचा एक संदेश गेली काही वर्षे मंडळ्यांमधून सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: आजची उपासना निव्वळ करमणूक झाली आहे, नव्या गीतांत एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवली जाते आणि तिच्यात देवापेक्षा ‘मी’ आणि ‘माझे’ अधिक असते, वर्शिप लीडर, म्हणजे उपासनेतले गायन चालवणारे, हे सेवक राहिले नसून कलाकार झाले आहेत आणि गीतांचा धंदा झाला आहे, अशा मंडळ्यांच्या पुढाऱ्यांचे जे अधःपतन उघडकीस आले ते याच संगीताचे फळ आहे, म्हणून बँड बंद करून पूर्वजांच्या गीतांकडे परतावे, म्हणजे मंडळी शुद्ध होईल. या संदेशामागची कळकळ मला परकी नाही, कारण मी स्वतः अनेक वर्षे मंडळीत गायन चालवले आहे आणि त्यातले बिघडलेले पुष्कळ पाहिले आहे. परंतु त्यातील जवळजवळ प्रत्येक विधान चुकीच्या जागी बोट ठेवते आणि खरा दोष नजरेआड करते.

पुनरावृत्तीचा आक्षेप फार वेळ घेण्यासारखा नाही. बायबलमधील स्तोत्र 136 मध्ये 26 ओव्या आहेत आणि प्रत्येक ओवीत ‘त्याची दया सनातन आहे’ हे शब्द येतात. ‘मी’विषयीही तेच म्हणता येईल, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ यातला ‘माझा’ काढला तर त्या स्तोत्राचा प्राणच जाईल. मात्र या आक्षेपाच्या शेजारी एक खरा आक्षेप आहे, आणि तो संदेशात नाही. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते. आजच्या लोकप्रिय गीतांत हा आवाज फार क्षीण आहे. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, त्याला सलग पाच विजयगीते गायला लावणारी उपासना अपुरी आहे, आणि याची जबाबदारी गीते निवडणाऱ्यावर येते.

पूर्वजांचा दाखला देताना इतिहास नीट पाहायला हवा. स्वित्झर्लंडमधील झुरिकमध्ये धर्मसुधारक झ्विंग्लीच्या सुधारणेनंतर 1527 मध्ये मुख्य चर्चमधला ऑर्गन मोडून काढण्यात आला आणि उपासनेत सामुदायिक गायन 1598 मध्ये पुन्हा सुरू झाले; म्हणजे आज ज्या वाद्याला परंपरेचे प्रतीक मानले जाते, तेच एके काळी उपासनेला घातक ठरवले गेले होते. इंग्रज गीतकार आयझॅक वॉट्सने 1707 मध्ये आपली गीते प्रसिद्ध केली, तेव्हा मंडळीने फक्त पवित्र शास्त्रातली स्तोत्रेच गावीत, मानवाने रचलेले शब्द नकोत, असे मानणारे लोक पुष्कळ होते. जॉन न्यूटनचे ‘अमेझिंग ग्रेस’ 1779 मध्ये छापले गेले, पण आज सर्वांच्या ओठी असलेली चाल त्याला 1835 मध्ये जोडली गेली. तोवर ते निरनिराळ्या चालींवर गायले जात होते. जुन्या संग्रहांतली गीते आज भक्कम वाटतात, कारण शेकडो सामान्य गीते मधल्या काळात आपोआप गळून पडली आहेत. आपल्या काळच्या गीतांची चाळणी अजून व्हायची आहे.

येथे आमच्या बाजूच्या लोकांचीही एक चूक सांगितली पाहिजे. मार्टिन ल्यूथरने दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून भक्तिगीते केली, असे नव्या संगीताचे समर्थक वारंवार सांगतात. त्याला आधार नाही. ‘बार’ हे जर्मन गीतरचनेतल्या एका बांधणीचे नाव आहे आणि गोंधळ त्या शब्दावरून झाला असावा. ल्यूथरने एका नाताळगीतासाठी लोकगीताची चाल घेतली होती हे खरे, पण 1539 मध्ये त्याच गीताला त्याने वेगळी चाल दिली. प्रतिवाद करणाऱ्याने खोट्या दाखल्याचा आधार घेऊ नये.

धंद्याच्या आरोपात तथ्य आहे, पण संदेश लिहिणाऱ्याला ते नेमके कुठे आहे हे उमगलेले दिसत नाही. गीत लिहिणाऱ्याला मोबदला मिळणे यात गैर काही नाही. मंडळ्या परवाना घेतात, कोणती गीते गायली ते कळवतात आणि त्यानुसार रचनाकारांना व प्रकाशकांना रक्कम जाते, ही पद्धत 1988 पासून रीतसर चालू आहे. चिंतेची बाब आहे ती केंद्रीकरणाची. 2010 ते 2020 या काळात सर्वाधिक गायल्या गेलेल्या गीतांच्या याद्यांतली 38 गीते अभ्यासकांनी तपासली, तेव्हा त्यांतली 36 गीते बेथेल, हिलसाँग, पॅशन आणि एलिव्हेशन या चार मोठ्या मंडळ्यांशी जोडलेली निघाली. जगभरच्या मंडळ्यांनी काय प्रार्थना करावी हे इतक्या थोड्या खोल्यांत ठरावे, ही गोष्ट मला रंगीत दिव्यांपेक्षा कितीतरी अधिक अस्वस्थ करते. तरीही यावर उपाय जुन्या संग्रहाकडे पळणे हा नाही. आपल्या मंडळीतल्या माणसांनी आपल्या भाषेत, आपल्या दुःखाविषयी लिहावे, यासाठी त्यांना वेळ आणि शिक्षण देणे हा आहे.

वर्शिप लीडर कलाकार झाले आहेत, हे सरसकट विधान मला मान्य नाही. बायबलमधील पहिल्या इतिहासाच्या पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात परमेश्वराच्या गायनात तरबेज केलेल्या 288 जणांची नोंद आहे. कौशल्य हा उपासनेचा शत्रू असता तर ती झालीच नसती. गाण्याच्या अर्थापेक्षा गाणेच आपल्याला अधिक हलवते की काय, ही भीती प्राचीन चर्चचा आचार्य ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे, आणि त्याच्या कानांवर गिटार पडत नव्हती. म्हणून मी वेगळी कसोटी लावतो: मंडळी गाते का? मूळ ध्वनिमुद्रणात उंच आवाजाच्या गायकाने धरलेली पट्टी आपण जशीच्या तशी उचलतो. मधल्या कडव्यानंतर चाल एकदम वरच्या सप्तकात उडी घेते. त्या क्षणी मी तिसऱ्या रांगेकडे पाहिले आहे: पुरुषांचे ओठ मिटतात, काही जण खालच्या सुरात पुटपुटतात आणि बाकीचे पडद्यावरचे शब्द नुसते वाचत उभे राहतात. तेच गीत तीन पट्ट्या खाली आणले, ड्रम थांबवले आणि मी माइकपासून एक पाऊल मागे आलो, तेव्हा शेवटच्या रांगेतूनही आवाज उठला. गीत नवेच होते आणि वाद्येही तीच होती. ज्या लीडरला हे ऐकू येत नाही त्याला बदलावे किंवा शिकवावे.

सर्वांत गंभीर आरोप पुढाऱ्यांविषयीचा आहे. नव्या गीतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या हिलसाँग मंडळीचे संस्थापक ब्रायन ह्यूस्टन यांना 2022 मध्ये पद सोडावे लागले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु संगीत हे त्याचे कारण मानले, तर नोव्हेंबर 2024 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडचे ज्येष्ठतम धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना एका जुन्या अत्याचार प्रकरणाच्या हाताळणीवरून राजीनामा का द्यावा लागला? तिथे तर ऑर्गन आहे, झगे घातलेला गायकवृंद आहे, शतकांची परंपरा आहे. याहून बोलके उदाहरण इंग्लंडमधील वॉटफर्डच्या सोल सर्व्हायव्हर मंडळीचे आहे. 1990 च्या दशकात, आपण संगीतालाच भुललो आहोत असे वाटून तिने बँड आणि ध्वनियंत्रणा काही काळ पूर्णपणे बाजूला ठेवली होती. या संदेशात जे करायला सांगितले आहे, अगदी तेच. तो निर्णय घेणाऱ्या संस्थापक पाळकांविरुद्धच्या तक्रारींत तथ्य असल्याचा निष्कर्ष 2023 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या चौकशीत निघाला: आध्यात्मिक अधिकाराचा गैरवापर आणि तरुण अनुयायांवर दबाव व नियंत्रण, तेही अनेक दशके. वाद्ये थांबली होती, पण त्यामुळे पुढाऱ्याला जाब विचारणारी व्यवस्था उभी राहिली नाही.

तेव्हा ज्या मंडळीच्या समितीत हा संदेश वाचून बँड बंद करण्याचा ठराव येईल, तिने त्याच बैठकीत आणखी काही गोष्टी विचाराव्यात: पाळकाविरुद्धची तक्रार कोणाकडे जाते, ती ऐकणारी माणसे पाळकानेच नेमलेली आहेत का, वर्शिप टीममधल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना तो एकट्याने कुठे भेटतो, आणि ज्याने यापूर्वी तोंड उघडले तो आज त्या टीममध्ये आहे का.