तीच रेकॉर्ड, सातव्यांदा

“ही तर आहे ना आपल्याकडे?” या प्रश्नाला जॅझच्या रेकॉर्डी जमवणाऱ्याकडे उत्तर नसतं. म्हणजे असतं, पण ते पूर्ण ऐकून घेण्याइतका धीर समोरच्याकडे नसतो. रेकॉर्ड आहे, हे ती पुन्हा न घेण्याचं कारण कसं होईल? आहे म्हणून तर घ्यायची. नसती, तर नवी कशाशी ताडून बघणार?

ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ हा अल्बम घ्या. (उदाहरणादाखल घ्या, असं म्हणतोय. खरोखर किती वेळा घ्यायचा ते पुढे कळेलच.) पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाल्या. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चालत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर भरलेला आवाज नीट चालणाऱ्या यंत्रावर लावला की चढा वाजतो. तेव्हा ही पहिली बाजू जगाने पुढची तेहेतीस वर्षं चढ्या सुरात ऐकली, आणि तिच्याबरोबर वाजवायला बसलेल्या कित्येकांनी दोष स्वतःच्या वाद्याला दिला असणार. स्टुडिओतलं राखीव यंत्र मात्र बरोबर गतीने चालत होतं. १९९२च्या आवृत्तीत त्या टेपवरून दुरुस्ती झाली.

आता बाजारभाव बघा. चुकीच्या सुरातली १९५९ची पहिली छपाई महाग, आणि बरोबर सुरातली नंतरची प्रत तिच्यापुढे स्वस्त. आम्हाला दोन्ही लागतात. एक बरोबर म्हणून आणि एक खरी म्हणून. त्यात मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज) वेगळी, स्टिरिओ (डावा-उजवा आवाज निराळा) वेगळी, कागदी पट्टा गुंडाळलेली जपानी वेगळी, १८० ग्रॅम वजनाची वेगळी आणि मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या गतीची दोन तबकड्यांतली वेगळी. सात कधी झाल्या ते कळतसुद्धा नाही.

मूळ प्रत ओळखणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. ब्लू नोट या अमेरिकी जॅझ कंपनीची रेकॉर्ड हातात आली की आम्ही आधी गाणं विचारत नाही, पत्ता विचारतो. मधल्या कागदी लेबलवर ‘७६७ लेक्सिंग्टन ॲव्हेन्यू’ असेल तर जुनी, ‘४७ वेस्ट ६३ स्ट्रीट’ असेल तर त्यानंतरची, नुसतं ‘न्यूयॉर्क यूएसए’ असेल तर अजून पुढची. मग टॉर्च. प्रकाश वरून पाडायचा नाही. टॉर्च जवळजवळ आडवी धरायची. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामध्ये जी कोरी पट्टी असते, तिथे आर, व्ही, जी ही अक्षरं सापडली पाहिजेत. ती ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डरची. हा गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढून द्यायचा आणि उरल्या वेळात न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात जॅझ रेकॉर्ड करायचा. १९५९मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. डोळे तपासणाऱ्याने मागे ठेवलेली अक्षरं वाचता वाचता आमचे डोळे जातात, याला व्यवसायनिष्ठा म्हणायचं की काय, ते ज्याने त्याने ठरवावं.

अक्षरं सापडली तरी अजून कान बाकी असतो. प्लास्टिलाइट नावाचा कारखाना ब्लू नोटच्या रेकॉर्डी छापायचा आणि आपल्या नावातलं वळणदार ‘पी’ त्याच कोऱ्या पट्टीत उमटवायचा. ते दिसतं कानासारखं, म्हणून कान. ब्लू नोट लिबर्टी या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीच्या ताब्यात गेली आणि १९६६मध्ये छपाई दुसरीकडे हलली, तसा कानही गेला. गोम अशी की लिबर्टीने आधी शिल्लक पडलेली जुनी लेबलं आणि जुनी कव्हरं वापरून संपवली. त्यामुळे पत्ता जुना, कव्हर जुनं आणि कान गायब, अशा प्रती ढिगाने फिरतात. विकणारा पत्त्याचा फोटो ठळक टाकतो आणि कोऱ्या पट्टीचा टाकतच नाही. मागून घ्यावा. ज्या रेकॉर्डला कान नाही, तिला आमच्यात मान नाही.

एवढा आटापिटा ज्या कंपन्यांच्या मालासाठी करायचा, त्यांचा धंदा कसा चालायचा हे पाहिलं तर हसावं की रडावं कळत नाही. ब्लू नोट १९३९मध्ये सुरू झाली. जर्मनीतून आलेला आल्फ्रेड लायन ती चालवायचा, आणि थोड्याच दिवसांत त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ येऊन मिळाला. हे दोघे वादकांना तालमीचेसुद्धा पैसे द्यायचे. इतर छोट्या कंपन्यांना हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. रेकॉर्ड ऐकली की वेडेपणा कोणाचा ते कळतं. पण जॅझ कंपनीला खरा धोका तोट्याचा नसतो, तोट्याची तिला सवय असते. धोका असतो खपाचा. १९६४मध्ये ट्रंपेटवादक ली मॉर्गनची ‘द साइडवाइंडर’ आली. आधी चारेक हजार प्रतीच छापल्या होत्या, त्या बघता बघता संपल्या आणि मागणी थांबेना. आता गंमत बघा. छापखान्याला पैसे लगेच हवेत. घाऊक विक्रेता माल आज उचलतो आणि पैसे महिन्यांनी देतो. शिवाय न खपलेला माल परत करायची मुभा त्याला असतेच. त्यामुळे जितकी जास्त विक्री, तितके जास्त पैसे बाहेर अडकलेले. विक्रेत्याकडून जुनं बिल वसूल करायचा एकच खात्रीचा मार्ग, त्याला हवी असलेली पुढची लोकप्रिय रेकॉर्ड आपल्या हातात असणं. म्हणजे एक रेकॉर्ड खपली की दुसरी खपवावीच लागते, नाहीतर पहिलीचे पैसे येत नाहीत. लायनने १९६५मध्ये कंपनी विकली आणि १९६७मध्ये निवृत्त झाला.

बाकीच्या जॅझ कंपन्यांची कथा याहून आखूड. रिव्हरसाइडचा एक भागीदार बिल ग्राउअर १९६३मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं वाजलं. बॉब वाइनस्टॉकने प्रेस्टिज १९७१मध्ये फँटसी या कंपनीला विकली. रिव्हरसाइडचा खजिना त्याच घरात १९७२मध्ये आला, कंटेम्पररीचा १९८४मध्ये. फँटसीकडे एवढा पैसा कुठून? क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या रॉक बँडच्या रेकॉर्डी तुफान खपल्या, तिथून. जॅझच्या शुद्धतेवर तासभर बोलू शकणाऱ्या मंडळींनी पियानोवादक थेलोनियस मंकची स्वच्छ छापलेली प्रत हातात धरताना हे अधूनमधून आठवावं. ऐंशीच्या दशकात फँटसीने ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ नावाची मालिका काढली. मूळ कव्हर, मूळ क्रम, माफक किंमत, नखरे नाहीत. माझ्या मते नव्याने ऐकायला लागलेल्याने इथूनच सुरुवात करावी. अर्थात असं कोणी करत नाही, कारण वस्तू स्वस्त आणि चांगली असली की तिच्याबद्दल सांगायला काही विषयच उरत नाही.

पुनर्प्रकाशनाचं गणित मात्र नव्या रेकॉर्डिंगपेक्षा कितीतरी गोड आहे. वादकांना रेकॉर्डिंगचं मानधन साठ वर्षांपूर्वीच दिलेलं. स्टुडिओचं भाडं तेव्हाच चुकतं झालेलं. प्रमुख वादकाला रॉयल्टी असली, तरी त्यातून आधी रेकॉर्डिंगचा खर्च वळता व्हायचा आणि तो खर्च फिटता फिटत नसे. उरतो रचनाकाराचा हिस्सा. अमेरिकेत १९०९ ते १९७७ हा दर एका रचनेमागे प्रतीला दोन सेंट होता, २०२५मध्ये १२.७ सेंट, आणि रचना पाच मिनिटांहून लांब असेल तर मिनिटाला २.४५ सेंट. सुरांच्या चालीवर हक्क असतो, पण तिच्याखालच्या स्वरसंगतींच्या मांडणीवर नसतो. ही फट बीबॉप या नव्या धर्तीचं जॅझ वाजवणाऱ्यांनी बरोबर हेरली. जुन्या गाण्याची मांडणी तीच ठेवायची आणि वर नवी चाल बसवायची, की जुन्या मालकाला दोन सेंट द्यायला नकोत. नोव्हेंबर १९४५मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर सॅव्हॉय या कंपनीसाठी ‘को-को’ वाजवत होता. पाया ‘चेरोकी’ या गाण्याचा. पहिल्या प्रयत्नात वादक ओघात खुद्द ‘चेरोकी’च्या चालीवर घसरले आणि तिथेच वाजवणं थांबवलं गेलं. तो अर्धवट तुकडा पुढे ‘संपूर्ण संग्रहां’त विकला गेला. तो आमच्याकडेही आहे, हे सांगायला नकोच.

हे ‘संपूर्ण’ प्रकरण म्हणजे तर सहनशक्तीची परीक्षा. १९८२मध्ये मायकेल कस्कुना आणि चार्ली लूरी यांनी मोझेक ही कंपनी काढली. मोठ्या कंपन्यांकडून ठरावीक मुदतीसाठी आणि ठरावीक प्रतींसाठी परवाना घ्यायचा, रेकॉर्डींच्या संचाच्या प्रत्येक पेटीवर क्रमांक टाकायचा आणि मुदत संपली की विषय बंद. कस्कुनाने ब्लू नोटच्या कोठारातून कधीच न निघालेली आख्खी रेकॉर्डिंग्ज शोधून काढली. त्याचे उपकार फिटणार नाहीत. पण पेटीत सगळं वाजवल्याच्या क्रमाने असतं. एकच रचना, पहिला प्रयत्न. तीच, दुसरा प्रयत्न, मध्येच थांबलेला. तीच, सुरुवात चुकलेली, सतरा सेकंद. मग तीच, अखेर जमलेली. चौथ्यांदा तीच चाल सुरू झाल्यावर घरात जे वातावरण तयार होतं, त्यावर पुस्तिकेत एक ओळही नसते.

आता नवी कोरी प्रत घरी येते तेव्हा काय काय होऊ शकतं ते सांगतो. रेकॉर्ड तयार होते ती अशी: टेपवरून लॅकरच्या, म्हणजे मऊ लेपाच्या, तबकडीवर खाचा कोरायच्या, तिच्यावर चांदीचा आणि निकेलचा थर चढवून उलटा धातूचा साचा काढायचा, त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा आणि या शेवटच्या साच्याने विनाइल दाबायचं. एका साच्यातून हजारेक प्रती निघाल्या की तो झिजतो. मधल्या दोन पायऱ्या गाळून पहिल्याच साच्याने छापलं तर तपशील जास्त राहतो आणि किंमत शंभर डॉलरच्या वर जाते. फेब्रुवारी २०२०मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्स कारखाना जळाला, तेव्हा लॅकर बनवणारा जगात जपानमधला एकच कारखाना उरला. आमच्यातल्या काहींनी त्या आठवड्यात घाबरून आणखी रेकॉर्डी घेतल्या. लॅकरचा तुटवडा आधीच छापलेल्या रेकॉर्डींना कसा बाधणार, हे विचारायची सोय नव्हती.

सगळं नीट होऊन भोक मध्यभागी पडलं नाही, की संपलं. अर्धा मिलिमीटर सरकलं तरी आतल्या खाचांशी, साठ मिलिमीटर त्रिज्येवर, सूर दर फेऱ्याला अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका वरखाली हलतो. ट्रंपेटवर खपून जातं. पियानोच्या लांब स्वरावर समुद्र लागल्यासारखं होतं. तपासायचं असेल तर रेकॉर्ड फिरत असताना सुईचा दांडा बघा. तो डावीउजवीकडे झुलत असेल तर परत पाठवा. तो वरखाली होत असेल तर रेकॉर्ड वाकली आहे. किंचित असेल तर सोडून द्या. तिसरा दोष, खाच विनाइलने पुरती भरलेली नसणं. यात एकाच बाजूच्या स्पीकरमधून कापड फाडल्यासारखा आवाज येतो. तो धुऊन जात नाही, तेव्हा डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या वाया घालवू नका. आणि मागवताना एवढं जरूर लिहा: रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून पाठवा. आत ठेवलेली रेकॉर्ड प्रवासात आपटून कव्हरची शिवण फाडते, आणि १८० ग्रॅमची तर दणक्यात फाडते. वजनाचा एवढाच निश्चित परिणाम मला आढळला आहे. आवाज कोरणाऱ्यावर अवलंबून असतो, ग्रॅमवर नाही.

४५च्या गतीला मात्र अर्थ आहे. ३३ १/३च्या गतीत बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. म्हणून बाजूच्या शेवटी झांजा चिरकतात. गती ४५ केली की दोन्हीकडे पस्तीस टक्के वाढ. बदल्यात चाळीस मिनिटांच्या संगीताला चार बाजू, म्हणजे दर दहा मिनिटांनी उठणं. सोलो रंगात आला की उठायची वेळ झाली असं समजावं.

स्वस्तात मिळणाऱ्या युरोपीय प्रतींबद्दल थोडं. तिथे ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी पन्नास वर्षांचा होता. २०१३मध्ये तो सत्तर झाला, पण तोवर संपलेला हक्क परत जिवंत केला नाही. त्यामुळे १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेलं सगळं तिथे मोकळं, आणि नेमका तोच जॅझचा सोन्याचा काळ. रचनाकाराचे पैसे द्यावेच लागतात; टेपच्या मालकाचे नाही. टेपही अर्थात मालकाकडेच राहते, म्हणून पुष्कळदा सीडीवरून रेकॉर्ड छापली जाते. ओळखायची खूण: कव्हरचा फोटो बदललेला, एका बाजूत पंचवीस मिनिटांहून जास्त कोंबलेलं, ‘१८० ग्रॅम’ ठळक अक्षरांत आणि टेप कुठली याबद्दल अवाक्षर नाही.

राहता राहिला मोनो. या विषयावर मैत्र्या तुटल्या आहेत, म्हणून जपून बोलतो. व्हॅन गेल्डरने ब्लू नोटसाठी १९५९पासून दोन-ट्रॅकच्याच टेपवर काम केलं. मोनो रेकॉर्ड काढताना तो ते दोन ट्रॅक सारख्या प्रमाणात एकत्र करायचा. म्हणजे त्या वर्षांची स्टिरिओ प्रत लावून जुन्या ॲम्प्लिफायरवरचं ‘मोनो’ लिहिलेलं बटण दाबलं, की जवळजवळ तेच ऐकू येतं ज्यासाठी लोक हजारो डॉलर मोजतात. माझ्या ॲम्प्लिफायरला ते बटण आहे. मोनो प्रत आली, की दाबून ताडून बघणार आहे.